रोरिकच्या हिमालयाचा निळा रंग

पर्वताच्या चित्रात बहुधा काहीच घडत नसते. त्यात प्रसंग नसतो, चेहरा नसतो, आणि पाहणाऱ्याच्या मनात विशिष्ट भाव जागा करण्यासाठी चित्रकार एरवी ज्या मुद्रांचा, हालचालींचा आणि कथेचा आधार घेतो त्यांपैकी एकही साधन तेथे हाताशी नसते. तरीही एखादे पर्वतचित्र मन निववते, एखादे पाहणाऱ्याला एकटे पाडते आणि एखाद्यापुढे नकळत दडपण येते. हा परिणाम रंगांमुळे होतो असे सर्रास म्हटले जाते आणि ते खरेही आहे. परंतु त्या म्हणण्याला जोडून निळा म्हणजे शांती, जांभळा म्हणजे गूढ, केशरी म्हणजे आशा असा जो रंगांचा ठरीव अर्थकोश पुढे केला जातो, तो प्रत्यक्ष चित्रासमोर उभे राहताच निरुपयोगी ठरतो, कारण तोच निळा एका चित्रात निवांत असतो आणि दुसऱ्यात भयकारी. भाव कोणत्या रंगात आहे हे शोधण्यापेक्षा तो रंग कोणत्या रंगाशेजारी, किती पृष्ठभागावर आणि किती गडद लावला आहे हे पाहणे अधिक फलदायी ठरते, आणि हे पडताळून पाहण्यासाठी निकोलस रोरिक या रशियन चित्रकाराच्या हिमालयचित्रांइतके सोयीचे उदाहरण भारतीय प्रेक्षकाला क्वचितच सापडेल.

रोरिकविषयी एक समज रूढ आहे. तो साधक होता, शंभालासारख्या पौराणिक भूमीचा शोध घेणारा होता, त्याच्या पत्नीने, हेलेनाने, आध्यात्मिक ग्रंथरचना केली होती. तेव्हा त्याच्या चित्रांतील गर्द निळे उतार, जांभळ्या दऱ्या आणि गुलाबी शिखरे ही ध्यानात दिसलेली, म्हणजेच प्रत्यक्षात नसलेली, दृश्ये असावीत असे मानले जाते. त्याच्या भक्तांना हा समज प्रिय आहे आणि टीकाकारांनाही सोयीचा आहे. वस्तुतः या चित्रांतील बहुतेक रंग डोळ्यांनी पाहिलेले आहेत, आणि त्यांच्यातून जो भाव निर्माण होतो तो पाहिलेल्यातून चित्रकाराने काय वगळले यावर अवलंबून आहे. हे मान्य केल्याने रोरिकची आध्यात्मिकता कमी होत नाही. उलट चित्रकार म्हणून त्याचे जे श्रेय साधकाच्या खाती जमा होत आले, ते त्याला परत मिळते.

रोरिकचा जन्म 1874 मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे झाला. विद्यापीठात कायद्याचा आणि त्याच वेळी तेथील कला अकादमीत चित्रकलेचा अभ्यास त्याने केला, पुरातत्त्वाचा नाद त्याला लहानपणापासूनच होता. डिसेंबर 1923 मध्ये तो कुटुंबासह मुंबईच्या बंदरात उतरला, पुढे सिक्कीम आणि दार्जिलिंगच्या परिसरात राहिला आणि 1925 ते 1928 या काळात लडाख, काराकोरम, चिनी तुर्कस्तान, अल्ताय, मंगोलिया आणि तिबेट असा प्रदीर्घ प्रवास करून परतल्यावर कुलू खोऱ्यातील नग्गर या गावी कायमचा स्थायिक झाला. तेथेच डिसेंबर 1947 मध्ये त्याचे निधन झाले. म्हणजे आयुष्याची जवळजवळ दोन दशके हिमशिखरे त्याच्या दाराशी होती, आणि सकाळ-संध्याकाळच्या प्रकाशात त्याच रांगा तो पुनःपुन्हा रंगवीत होता.

कला अकादमीत त्याला जे गुरू लाभले त्यांच्याकडे मात्र थोडे थांबून पाहिले पाहिजे. आर्खिप कुइंजी हा एकोणिसाव्या शतकातील रशियन निसर्गचित्रकार प्रकाशाच्या चित्रणासाठी विख्यात होता. 1880 मध्ये त्याने नीपर नदीवरील चांदण्या रात्रीचे आपले चित्र एका अंधाऱ्या खोलीत, केवळ त्या एकाच चित्रावर दिव्याचा प्रकाश पाडून प्रदर्शित केले, तेव्हा चित्रामागे दिवा लपवला असावा अशी शंका काही प्रेक्षकांना आली. त्या चित्रातील चंद्र आणि नदीवरची त्याची झळाळी यांत कोणतेही चमकणारे द्रव्य नव्हते. भोवतीचा सारा भूप्रदेश जवळजवळ काळ्या हिरव्या छटेत बुडवून टाकल्यामुळे साधा फिकट रंगच तेथे प्रकाशासारखा भासू लागला होता. चित्रकलेच्या परिभाषेत याला छटामूल्यांचा खेळ म्हणता येईल; छटामूल्य म्हणजे रंग निळा आहे की तांबडा याचा विचार बाजूला ठेवून तो किती उजळ वा किती गडद आहे याचे माप. कागदाच्या पांढऱ्यापेक्षा अधिक उजळ असे काहीही चित्रकाराजवळ नसते आणि सूर्यप्रकाशातील बर्फ त्या पांढऱ्याहून कितीतरी पटींनी तेजस्वी असते, त्यामुळे बर्फाचे तेज दाखवायचे तर बाकी सर्व चित्र खाली, गडदपणाकडे, उतरवण्यावाचून गत्यंतर नाही. कुइंजीने कॉकेशसमधील हिमशिखरेही याच पद्धतीने रंगवली होती. रोरिकच्या हिमालयातील दऱ्या इतक्या काळोख्या का असतात याचे पहिले उत्तर त्याच्या गुरूच्या या शिकवणीत आहे, आणि त्यासाठी कोणत्याही गूढवादाची गरज पडत नाही.

दुसरे उत्तर पर्वतीय हवेत आहे. सूर्यप्रकाश वातावरणातील वायूंच्या रेणूंवर आदळून विखुरतो, आणि हे विखुरणे तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात होत असल्यामुळे 450 नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश 700 नॅनोमीटरच्या तांबड्या प्रकाशापेक्षा जवळजवळ सहापट अधिक विखुरतो. आकाश निळे दिसते ते यामुळेच, आणि दूरचा डोंगर निळा दिसतो तोही यामुळेच, कारण तो डोंगर आणि पाहणारा यांच्यामध्ये असलेल्या हवेचा निळा प्रकाश त्या डोंगराच्या गडद अंगावर पसरतो. अंतरानुसार रंग निळसर व फिकट होत जाण्याच्या या घटनेला वातावरणीय यथादर्शन म्हणतात. लिओनार्दो दा व्हिंचीने तिचे बारकाईने वर्णन केले होते आणि निसर्गचित्रकाराला तिची ओळख पहिल्या धड्यातच होते. परंतु तिची दुसरी बाजू तितकी परिचित नाही. दूरची वस्तू गडद असेल तर ती निळी होते, पण ती बर्फासारखी लख्ख असेल तर तिच्याकडून डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशातील निळा अंश वाटेत गळत जातो आणि ती पिवळसर, प्रसंगी केशरी दिसते. एकाच हवेमुळे एकाच क्षणी पर्वताचा पायथा थंड आणि माथा उबदार होतो, हा हिमालयाच्या दर्शनातला सर्वांत महत्त्वाचा रंगविशेष होय, आणि पहाटेच्या वेळी तो पराकोटीला पोहोचतो, कारण तेव्हा सूर्याचे किरण मुळातच लांबचा, जवळजवळ आडवा प्रवास करून आलेले असतात आणि 8,586 मीटर उंचीचे कांचनजंगाचे शिखर खालची दरी उजळण्याआधी त्यांच्या वाटेत येते. रोरिकच्या कांचनजंगाच्या चित्रांत वर तापल्यासारखे शिखर, खाली निळी कडेपठारे आणि मधोमध धुक्याचा पट्टा अशी जी रचना वारंवार येते, तिला प्रतीक म्हणण्याआधी दार्जिलिंगच्या स्वच्छ पहाटेचे वर्णन म्हटले पाहिजे.

यात हवेच्या स्वच्छतेचा भाग मोठा आहे. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरून कोकणाकडे पाहणाऱ्याला एकामागून एक डोंगरांच्या ओळी दिसतात, पण तिसऱ्या-चौथ्या ओळीपर्यंत त्यांचा निळेपणा दुधाळ होऊन जातो. पाण्याचे सूक्ष्म थेंब आणि धुळीचे कण वायूंच्या रेणूंपेक्षा फार मोठे असतात, ते सर्वच रंगांचा प्रकाश जवळपास सारखा विखुरतात आणि त्यामुळे दृश्यावर पांढुरकी छाया पडते. सह्याद्रीच्या जलरंगचित्रांत जी ओलसर, विरघळती कोमलता असते ती या हवेची देणगी आहे. हिमालयाच्या उंचीवर हे मोठे कण विरळ होतात, सुमारे साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाबच समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो, आणि माथ्यावरचे आकाश अधिकाधिक गडद होत जाते. 1787 मध्ये स्विस शास्त्रज्ञ सोस्यूर मॉं ब्लां शिखरावर चढला तेव्हा त्याने निळ्या रंगाच्या निरनिराळ्या छटांच्या कागदी पट्ट्या आकाशाशी ताडून पाहण्यासाठी बरोबर नेल्या होत्या. आकाशाचा निळेपणा मोजण्याची ही धडपड आज बालिश वाटण्याचे कारण नाही, कारण उंच प्रदेशाचा चित्रकार मनातल्या मनात दुसरे काय करीत असतो? रोरिकच्या आकाशांतील गडद निळा हा त्या मोजमापाच्या वरच्या टोकाचा रंग आहे.

आणखी एक निरीक्षण बर्फावरील सावल्यांचे. सावलीतल्या बर्फावर सूर्याचा प्रकाश थेट पडत नाही, केवळ आकाशाचा पडतो, म्हणून ती सावली निळी असते. परंतु डोळा येथे स्वतःची भर घालतो. गटेने 1810 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या रंगविषयक ग्रंथात हार्त्स पर्वतातून हिवाळ्यात उतरतानाचे एक निरीक्षण नोंदवले आहे: दिवसा बर्फ पिवळसर असताना सावल्या जांभळट भासत होत्या, आणि मावळत्या सूर्याने बर्फ लालीने भरून गेल्यावर त्याच सावल्या हिरव्या दिसू लागल्या. एखाद्या रंगाच्या सान्निध्यात शेजारचा रंग त्याच्या विरोधी रंगाकडे झुकल्यासारखा दिसतो, यालाच पुढे समकालिक विरोध असे शास्त्रीय नाव मिळाले आणि फ्रेंच रसायनज्ञ शेव्रल याने 1839 मध्ये त्याचे नियम सविस्तर मांडले. चित्रकाराला याचा लाभ असा की हवा तो रंग प्रत्येक वेळी लावावाच लागत नाही, तो शेजाऱ्याकरवी पाहणाऱ्याच्या डोळ्यात उमटवता येतो. रोरिकच्या अनेक चित्रांत शिखरावरचा गुलाबी रंग जवळून पाहिल्यास अगदी फिका, जवळजवळ मळकट पांढरा असतो; त्याला पेटवण्याचे काम भोवतीचा निळा करतो.

इतके सर्व निसर्गातून आले असेल तर मग चित्रकाराने काय केले, हा प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर वगळण्यात आहे. प्रत्यक्ष पर्वतावर अतिउजळ आणि अतिगडद यांच्या दरम्यान शेकडो मधल्या छटा असतात; दगडाचा पोत, झुडपे, घसरलेल्या दरडींच्या रेषा आणि ओल्या-कोरड्या मातीचे भेद त्या मधल्या छटांत नांदत असतात. रोरिक हा मधला प्रदेश जवळजवळ संपूर्ण काढून टाकतो. त्याचा उतार दोन किंवा तीन सपाट पट्ट्यांत बसतो, पट्ट्यांच्या कडा स्पष्ट असतात आणि त्या कडांवरच डोळा वर चढत जातो. या सवयीची मुळे दोन ठिकाणी सापडतात. रशियन चर्चमधील प्रतिमाचित्रांची परंपरा त्याने जवळून अभ्यासली होती, आणि त्या परंपरेत खोलीचा आभास गौण व सपाट रंगक्षेत्र प्रधान असते. दुसरे ठिकाण रंगभूमी: 1913 मध्ये पॅरिसमध्ये स्ट्राव्हिन्स्कीच्या ‘वसंताचे अनुष्ठान’ या नृत्यनाट्याचे नेपथ्य आणि वेषभूषा रोरिकची होती, आणि शेवटच्या रांगेतील प्रेक्षकापर्यंत पोहोचायचे तर पडद्यावरच्या डोंगराला बारकावे परवडत नाहीत, हे त्याला कामातून शिकावे लागले असणार.

त्याच्या माध्यमानेही याला साथ दिली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्याने तैलरंग बाजूला ठेवून टेंपरा स्वीकारला. टेंपरा म्हणजे रंगद्रव्याची पूड तेलाऐवजी अंड्याचा बलक, डिंक किंवा दुधातील केसीन अशा पाण्यात मिसळणाऱ्या बंधकात कालवून केलेले चित्रण. हा रंग चटकन वाळतो, त्यामुळे एक छटा दुसरीत हळुवार मिसळत नेण्याला अवधी मिळत नाही. आणि वाळल्यावर त्याला तैलरंगासारखी चकाकी नसते. चकाकी नसल्यामुळे पृष्ठभागावरून परावर्तनाची तिरीप डोळ्यावर येत नाही, प्रेक्षक आणि रंग यांच्यात काचेसारखे काही उरत नाही, आणि गर्द निळा कोरडा, मखमली, थोडा खडबडीत दिसतो. हिवाळ्यातील उंच प्रदेशाच्या कोरड्या हवेशी या पृष्ठभागाचे नाते इतके जवळचे आहे की या चित्रांतला थंडावा जितका निळ्या रंगामुळे जाणवतो तितकाच तो या चकाकीच्या अभावामुळेही जाणवतो.

आता भावाकडे वळता येईल. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात प्रत्येक रसाला एक वर्ण दिला आहे: शृंगाराला श्याम, हास्याला शुभ्र, करुणाला कपोत म्हणजे पारव्याचा करडा, रौद्राला रक्त, वीराला गौर, भयानकाला कृष्ण, अद्भुताला पीत आणि बीभत्साला नील. ही योजना रंगमंचाच्या संदर्भात अर्थपूर्ण आहे, परंतु ती चित्राला जशीच्या तशी लावली तर रोरिकचा अवघा हिमालय बीभत्स ठरेल, आणि तसा अनुभव कोणालाही येत नाही. कामसूत्रावरील जयमंगला टीकेत यशोधराने चित्राची जी सहा अंगे सांगितली आहेत, त्यांत भाव आणि वर्णिकाभंग, म्हणजे रंगांची योजना व त्यांच्या छटांचे संयोजन, ही दोन अंगे स्वतंत्रपणे मोजली आहेत. चित्राच्या बाबतीत हा विवेक अधिक मोलाचा वाटतो: रंगसंयोजन हे भावाकडे जाण्याचे साधन आहे, भाव हे त्या रंगाचे दुसरे नाव नव्हे.

रोरिकची दोन चित्रे शेजारी ठेवली की हे स्पष्ट होते. 1924 मधील ‘अंधाराचे दहन’ या चित्रात गर्द निळ्या हिमकड्यांमधून काही मानवी आकृती बाहेर येत आहेत आणि पुढच्या आकृतीच्या हातांतील पेटीतून तेज फाकते आहे. येथे निळा चित्रभर दाटला आहे, त्याचे छटामूल्य काळ्याला टेकले आहे, आणि उजेडाचा अंश इतका लहान आहे की डोळा त्याला चिकटून राहतो. परिणाम गंभीर, काहीसा धास्तावणारा होतो. 1930 मधील ‘कृष्ण: कुलूतील वसंत’ या चित्रात बहरलेल्या झाडाखाली बासरी वाजवणारा कृष्ण आहे आणि पार्श्वभूमीला हिमाच्छादित रांगा आहेत. पर्वत तोच, निळ्याचे कुळही तेच. पण येथे छटा वरच्या पट्टीत आहेत, बर्फाचा पांढरा आणि फुलोऱ्याचा फिका रंग एकमेकांना प्रतिसाद देतात, गडदपणा कोठेही साचत नाही, आणि जो भाव उरतो तो प्रसन्नतेचा. भाव बदलला तो उजेड आणि अंधार यांचे वाटप बदलल्यामुळे.

याच 1924 सालचे ‘स्मरण’ हे चित्र आणखी एक गोष्ट दाखवते. प्रवासाला निघालेला घोडेस्वार थांबून मागे, घराजवळ उभ्या असलेल्या स्त्रियांकडे पाहतो आहे, आणि त्या सर्वांमागे पर्वत पसरला आहे. घोडेस्वाराचा चेहरा दिसण्याइतका मोठा नाही, तरीही निरोपाची हुरहूर पूर्णपणे पोहोचते, कारण माणसांच्या दोन लहान ठिपक्यांमधले अंतर पर्वताच्या विस्ताराने मोजले जाते. रोरिकच्या उत्तम चित्रांत माणूस असतो तो असाच, प्रमाण सांगण्यापुरता, आणि म्हणूनच त्याच्या वाट्याला आलेला रंगाचा एखादा थेंब एवढा बोलका होतो.

सर्वच चित्रे या उंचीची नाहीत, हेही स्पष्टपणे सांगितले पाहिजे. जेथे आशय आधी ठरला आणि पर्वत त्याच्या सजावटीला बोलावला गेला, तेथे रंग निरीक्षणापासून सुटतो. ‘जगन्माता’सारख्या चित्रात जांभळा-निळा एकसंध आभा होऊन पसरतो, चित्र देखणे आहे, पण त्याचा भाव प्रेक्षकाने मिळवायचा नसून मान्य करायचा आहे. उलट कुलू आणि लाहौलच्या शिखरांची त्याने केलेली छोटी अभ्यासचित्रे, ज्यांत ना देवता आहे ना यात्रिक, केवळ एक कडा आणि त्यावरचा एका विशिष्ट वेळेचा उजेड आहे, ती त्याच्या सर्वांत टिकाऊ कामांत मोडतात. भव्य आशयाच्या चित्रांपेक्षा ती कमी छापली जातात, आणि हा अन्याय आहे.

छपाईचा प्रश्न येथे गौण नाही. टेंपराचा कोरडेपणा गुळगुळीत कागदावर किंवा पडद्यावर उतरत नाही. पडदा स्वतः प्रकाश देतो, त्यामुळे जो निळा मूळ चित्रात प्रकाश शोषून घेतो तोच पडद्यावर प्रकाशमान होतो, आणि गडद दरी व उजळ शिखर यांचे जे नाते साऱ्या भावाचा आधार आहे तेच बिघडते. रोरिक भडक आहे, असे अनेकांचे मत बनते ते बहुधा अशा प्रतिमा पाहून. सुदैवाने मूळ चित्रे दूर नाहीत. नग्गर येथील त्याचे घर आता स्मारक-संग्रहालय आहे. वाराणसीचे भारत कला भवन, प्रयागराजचे अलाहाबाद संग्रहालय, बंगळूरूची कर्नाटक चित्रकला परिषद आणि तिरुवनंतपुरमचे श्री चित्रा कलादालन येथेही त्याची चित्रे आहेत. ज्या मराठी वाचकाचा प्रवास यांपैकी कोणत्याही गावी होईल, त्याने तास-दोन तास काढून ती अवश्य पाहावीत, प्रथम दुरून आणि नंतर गुलाबी शिखराचा रंग खरोखर किती फिका आहे हे दिसेल इतक्या जवळून. रवींद्रनाथ ठाकूर, अमृता शेरगिल, राजा रविवर्मा यांच्याबरोबर रोरिकच्या कलाकृतींनाही भारत सरकारने राष्ट्रीय कलानिधीचा दर्जा दिला आहे, आणि त्यामुळे या देशात असलेली त्याची चित्रे कायद्याने देशाबाहेर विकली जाऊ शकत नाहीत.